आईला पहिली कोरियन मालिका कोणती दाखवू? (सोबत माझी ठाम मतं)

रातराणी

गेल्या महिन्यात आई अंगणात घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तिला सांगलीहून ठाण्याला माझ्याकडे आणलंय. वय ७१, कान-डोळे ठणठणीत, वाचन दांडगं. संध्याकाळी सातची मालिका लावायची, पण परवा तिने आपणहून रिमोट खाली ठेवला. "तीन आठवडे ती पोरगी दाराआडून ऐकतेय, आत कोण बोलतंय ते अजून दाखवेनात." मग म्हणाली, "तू रात्री जागून ते चिनी काय बघतेस, ते मला दाखव."

चिनी नाही, कोरियन. पण आईने मागितलं, एवढ्यानेच मी खूश आहे.

मी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'क्रॅश लँडिंग ऑन यू'पासून सुरुवात केली आणि आतापर्यंत पन्नासेक मालिका पाहून झाल्यात. माझं मत असं झालंय की प्रेमकथा हा या मालिकांचा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. श्रीमंत वारसदार, गरीब मुलगी, मनगट धरून ओढत नेणं, हे सगळं आता मी सरळ पुढे ढकलते. मला धरून ठेवतात ती ताटं, ओट्याशी उभ्या आया, दुकान बंद करून दमून घरी येणारे बाप. सोळा भागांत गोष्ट संपते, आणि संपवायची कुठे हे लिहिणारीला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. 'लिहिणारीला' मुद्दाम म्हणते, कारण माझ्या आवडत्या बहुतेक मालिका बायकांनी लिहिल्यात.

सगळ्यांत वरची कुठली म्हणाल तर 'रिप्लाय १९८८', सोलच्या एका गल्लीतल्या शेजाऱ्यांची गोष्ट. पण आईला एकदम तीच दाखवावी का? भाग दीड-दीड तासाचे आणि सुरुवात संथ. इंग्रजी सबटायटल्स तिला त्या वेगात वाचता येत नाहीत, त्यामुळे मी शेजारी बसून मराठीत वाचून दाखवणार आहे. हिंदी डबिंग तिने पाच मिनिटांत बंद करायला लावलं. "तोंड एक बोलतंय, आवाज दुसराच येतोय," म्हणाली.

तर सांगा, पहिली कोणती?

तिखटमीठ

क्रॅश लँडिंग. विषय संपला.

कोकणकडा

@तिखटमीठ, विषय संपला कसा? बाई पॅराग्लायडिंग करताना वावटळीत सापडते आणि उत्तर कोरियात जाऊन पडते, हे काकूंच्या गळी उतरवण्यातच पहिले दोन भाग जातील. मात्र त्या गावातल्या बायका काकूंना नक्की आवडतील. सगळ्या मिळून कोबीचं किमची घालतात, मधेच वीज जाते, कुणाच्या घरी काय शिजलं याची खबर गावभर होते. मी ती मालिका हिरो-हिरॉइनसाठी सुरू केली आणि या चौघींसाठी संपवली.

तिखटमीठ

हिरो-हिरॉइनने २०२२ मध्ये खरंच लग्न केलं हो! यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

बे_एके_बे

मी विरोधी बाकावरून बोलतो. बायकोबरोबर वीसेक पाहिल्यात. पहिले आठ भाग झकास, पुढचे चार बरे आणि शेवटच्या चारांत लेखिकेची दमछाक. मग कुणाची तरी स्मृती जाते, ट्रक येऊन धडकतो, नाहीतर दोघं लहानपणी एकदा भेटलेली निघतात. शिवाय मोठमोठे सीईओ, गुप्तहेर, हजार वर्षं जगलेले देव, सगळे त्याच एका सँडविचच्या दुकानात जाऊन सावकाश ऑर्डर देतात. 'सोळा भागांत संपते' हे खरं, पण बाराव्या भागात संपली असती तर जास्त आवडली असती, असं मला दर वेळी वाटतं.

हान_नदीकाठी

नऊ वर्षं सोलजवळ राहतोय, म्हणून थोडं लिहितो.

@बे_एके_बे, सँडविचमागे कारण आहे. इथल्या जुन्या मोठ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मधे जाहिरात दाखवायला २०२१ पर्यंत बंदी होती. मग खर्च भरून काढायला जाहिरातच गोष्टीत शिरली. शेवटच्या भागांतल्या घसरणीलाही कारण आहे. आठवड्याला दोन भाग दाखवायचे आणि त्याच आठवड्यात पुढचे शूट करायचे, अशी पद्धत वर्षानुवर्षं होती. प्रसारणाच्या दिवशी सकाळी संहितेची चार पानं हातात पडायची. २०१६ ची 'डिसेंडन्ट्स ऑफ द सन' आधी पूर्ण शूट करून मगच दाखवली, तेव्हा त्याचीही मोठी बातमी झाली होती. आता बऱ्याच मालिका आधी तयार होतात.

@रातराणी, तुलनेबद्दल एक सांगू का? आपण आपल्या रोजच्या मालिका आणि त्यांच्या निवडक सोळा भागांच्या मालिका शेजारी ठेवतो. कोरियातही सोम ते शुक्र रोज चालणाऱ्या, शंभराहून जास्त भागांच्या मालिका आहेत. त्यांत जन्माचं रहस्य, अदलाबदल झालेली बाळं, छळणारी सासू, सगळं असतं. अशा भडक प्रकाराला लोक 'माकजांग' म्हणतात. माझ्या घरमालकीणबाई सकाळी भाजी निवडताना तेच बघतात. आपल्यापर्यंत पोचतं ते चाळणीतून आलेलं.

रातराणी

@हान_नदीकाठी, हे मान्य. चाळणी लक्षातच घेतली नव्हती.

निवृत्त_मास्तर

चाळणीच्याही आधीचं सांगतो. २००६ साली दूरदर्शनवर हिंदीत डब केलेली 'ज्वेल इन द पॅलेस' लागायची. चोपन्न भाग. सोळाव्या शतकातल्या राजवाड्यात स्वयंपाकघरात कामाला लागलेली पोर पुढे राजाची वैद्य होते. आमची सौ. आणि मी, दोघं नेमाने बघत होतो. मुदपाकखान्यातल्या बाई मुलींना विचारतात, या मांसाच्या पदार्थात गोडवा कशाचा? सगळ्या साखर, मध म्हणतात. ही चिमुरडी म्हणते पिकलेलं पर्सिमन फळ. कसं ओळखलंस विचारल्यावर गोंधळते. चव पर्सिमनची लागली म्हणून पर्सिमन म्हटलं, एवढंच तिचं उत्तर. छत्तीस वर्षं शिकवलं मी. हुशार पोरांची उत्तरं अशीच असतात, कारण विचारलं की रडकुंडीला येतात.

काकूंना ही दाखवा. त्यात स्वयंपाक आहे, औषधं आहेत, आणि बाई कर्तबगार आहे.

रानफूल

आम्हाला तर त्याहीआधी माहीत होतं. मिस्टर फौजेत. इंफाळला होतो तेव्हा तिथे हिंदी सिनेमे लागत नसत, अतिरेकी संघटनेने २००० साली बंदी घातलेली. केबलवर कोरियाचं 'आरिरांग' चॅनेल दिसायचं. शेजारच्या मैतेई मुली त्यातल्यासारखे केस कापून घ्यायच्या आणि मला बसवून गोष्ट समजावून सांगायच्या. पुण्याला बदली झाल्यावर मी कोरियन मालिकांविषयी बोलायचे तेव्हा लोक तोंडाकडे बघत राहायचे. आता तीच मंडळी मला नावं सुचवतात.

अबोली

माझं मत 'माय मिस्टर'ला (२०१८). पण पहिली म्हणून नाही.

मी ती पाहिली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळून दुसरं वर्ष होतं. रात्री औषध देऊन झालं की अकरा ते बारा माझे. त्यातली जी-आन एकवीस वर्षांची, कर्जात बुडालेली, ऑफिसात तात्पुरती कामाला. आजी ऐकू-बोलू न शकणारी. आजीला चंद्र बघायचा असतो. ही पोर दुकानातली सामानाची ट्रॉली आणते, आजीला तिच्यात बसवते आणि चढावरून ढकलत नेते. वर पोचल्यावर दोघी काही बोलत नाहीत. मी टीव्ही तिथे थांबवला आणि आत जाऊन सासूबाईंच्या खोलीतला पडदा सरकवला. खिडकीतून चंद्र दिसत नव्हता, समोरच्या सोसायटीचा दिवा दिसत होता. त्यांना तोही आवडला.

त्यात नायक पार्क दोंग-हूनचं काम केलेला ई सन-ग्युन डिसेंबर २०२३ मध्ये गेला. तेव्हापासून मला ती मालिका पुन्हा लावता आलेली नाही. पण माणसं एकमेकांना कशी तारून नेतात हे इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. काकू पायावर उभ्या राहिल्या की दाखवा. बसून असताना नको.

तिखटमीठ

@अबोली, ट्रॉलीचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजच सुरू करते.

सोलकढी

मला एक खटकतं ते बोलूनच टाकते. या मालिकांमधलं कौतुक आपण एकतर्फी करतो. वय एका वर्षाने जास्त म्हणून समोरच्याने मान खाली घालायची, साहेब उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, जेवायला गेलं की ज्युनियरने दोन्ही हातांनी ग्लास भरायचे. आणि 'रिप्लाय'मधल्या आया दिवसभर रांधतात, ते बघताना छान वाटतं, पण त्यांच्या पाठीचं काय? आपल्या आजीचा ओटा आठवून आपण हळवे होतो. आजीला विचारलं असतं तर तिने तो ओटा सोडून चार दिवस कुठेतरी जाणं पसंत केलं असतं.

आणि दर भागात सोजू, म्हणजे त्यांची दारू! हिरवी बाटली दिसली नाही तर भाग चुकला की काय असं वाटतं.

रातराणी

@सोलकढी, पाठीचा मुद्दा शंभर टक्के. म्हणूनच मला 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' (२०२५) इतकी आवडली. जेजू बेटावरची गोष्ट. आई समुद्रात बुडी मारून शिंपले काढणारी, पोर शिकायला तडफडणारी. लग्न होऊन सासरी येते तेव्हा पुरुषांचं ताट वेगळं, बायकांचं वेगळं. तिचा नवरा ग्वान-शिक काही भाषण करत नाही. बसल्या जागी नुसता वळतो, पुरुषांकडे पाठ करतो आणि बायको-मुलीच्या ताटात जेवायला लागतो. त्या घरात तेवढं वळणंच भूकंपासारखं आहे.

हान_नदीकाठी

@सोलकढी, वयाचं खरं आहे. ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला जन्मवर्ष विचारतात, कारण त्याशिवाय कुठल्या क्रियापदाने बोलायचं तेच ठरत नाही. पूर्वी तर जन्मतःच एक वर्ष धरायचे आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. जून २०२३ पासून कायद्याने बहुतेक ठिकाणी आपल्यासारखं वय धरतात. मी कागदोपत्री तरुण झालो!

पण @रातराणी, तुम्ही मराठीत वाचून दाखवणार ते उत्तम करताय. इंग्रजी सबटायटल्समध्ये अर्धी मालिका गळून पडते. कोरियनमध्ये 'इमो' म्हणजे मावशी आणि 'गोमो' म्हणजे आत्या. इंग्रजीत दोन्हींचं 'आंट' होतं. इथे खानावळीत वाढणाऱ्या बाईंना 'इमो' म्हणूनच हाक मारतात, आपण 'मावशी' म्हणतो तसंच. शेजारणी एकमेकींना नावाने नाही, मुलाच्या नावाने बोलावतात, अमक्याची आई. नवऱ्याला 'योबो' म्हणतात, त्याला 'अहो'शिवाय दुसरा शब्द नाही. जेवलास का, हा इथे नमस्कारच आहे.

आणि प्रेमकथेतला सगळ्यात नाजूक क्षण तर इंग्रजीत दिसतच नाही. दोघं इतके दिवस अहो-जाहो करत असतात आणि एक जण म्हणतो, आता अरे-तुरे करूया का? खाली इंग्रजीत येतं, 'मोकळेपणाने बोलू'. मराठी माणसाला त्यासाठी तळटीप लागत नाही.

कोकणकडा

क्या बात! म्हणजे 'ओप्पा'ला 'दादा' म्हणायचं का? तिथे मुली प्रियकरालाही ओप्पा म्हणतात, काकू उठून उभ्या राहतील, प्लास्टरसकट.

हान_नदीकाठी

तिथे ओप्पाच ठेवा.

बे_एके_बे

भाषेवरून आठवलं. आमच्याकडे मुलगी 'आप्पा' म्हणायला लागली. माझे वडील खूश, त्यांना वाटलं त्यांनाच हाक मारतेय. त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. ती मला म्हणत होती. कोरियनमध्ये बाबांना आप्पा म्हणतात हे वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

झुळूक

धागा उशिरा वाचतेय. 'रिप्लाय'च दाखवा. नायिका दॉकसनचा वाढदिवस पहिल्याच भागात आहे. मोठ्या बहिणीच्या केकवरच्या मेणबत्त्या कमी करून तोच केक हिला. अंडी दोनच, ती बहिणीला आणि भावाला. मी तीन भावंडांतली मधली. दॉकसन ओरडून विचारते ना, ताईचं नाव बोरा, भावाचं नोउल, मग माझंच दॉकसन का? तो सगळा राग मी बावीस वर्षं गिळून बसले होते. आणि मग बाप रात्री गल्लीत वेगळा केक घेऊन तिच्याशेजारी बसतो आणि कबूल करतो की मी जन्मापासून बाप नव्हतो, मलाही हे पहिल्यांदाच करावं लागतंय. माझ्या बाबांना मी तो प्रसंग व्हॉट्सअपवर पाठवला. त्यांनी काही लिहिलं नाही. पुढच्या वाढदिवसाला मला अख्खा केक आला, वर फक्त माझं नाव.

तिखटमीठ

आणि शेवटी दॉकसनचा नवरा तिचा मित्र टेकच निघाला, तेच बरोबर. जॉन्गह्वानवाल्यांनी हात वर करा म्हणजे मला कळेल कुणाशी बोलायचं नाही.

कोकणकडा

✋ जॉन्गह्वान. तो सिग्नलवर अडकतो म्हणून दॉकसनकडे पोचायला उशीर होतो, यात त्याचा काय दोष?

झुळूक

@कोकणकडा, तोच स्वतः म्हणतो ना, दोष सिग्नलचा नव्हता, माझ्या कचरण्याचा होता. टेक स्पर्धेचा सामना सोडून आला. दारात आधी पोचला तो त्याने काहीतरी सोडलं म्हणून.

सोलकढी

अहो, रहस्यभेद! रातराणींच्या आई हा धागा वाचत असतील तर?

हान_नदीकाठी

'रिप्लाय'बद्दल शेवटचं. ती गल्ली सेट आहे, पण सांगमुन-दोंग खरंखुरं आहे, सोलच्या उत्तरेला. दॉकसनचं घर अर्धं जमिनीखाली आहे, बघा. १९७० मध्ये नियम आला की घरांना तळघर हवं, युद्ध झालं तर आसरा म्हणून. पुढे शहरात माणसं मावेनात तेव्हा तीच तळघरं भाड्याने जायला लागली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शिरून अशाच एका घरात तिघं दगावले. मालिकेत बाप बँकेत नोकरीला असूनही तिथे का राहतो? मित्राला जामीन राहिला, मित्र बुडाला. आपल्याकडे अशी घरं प्रत्येकाने पाहिलीत.

इथे बरेच भाडेकरू महिन्याचं भाडं देत नाहीत, घराच्या किमतीचा मोठा हिस्सा मालकाकडे ठेवतात आणि सोडताना परत घेतात. याला 'जॉन्से' म्हणतात. मुंबईत हेवी डिपॉझिट म्हणतात ते याचंच धाकटं भावंड.

एक सावधगिरी: दुसऱ्या भागात दॉकसनची आजी जाते. काकूंच्या घरी अलीकडे काही झालं असेल तर आधी विचारा.

रातराणी

सगळ्यांचे आभार. 'रिप्लाय'च लावली. शनिवारी पहिला भाग, मधे चहासाठी थांबून दोन तास लागले. मी वाचत होते, आई बघत होती. हान_नदीकाठी, मावशी-आत्या जागच्या जागी घातल्या. क्रियापद त्यांचंही शेवटी येतं, त्यामुळे वाक्य मधे तोडलं तरी आई 'हं, पुढे?' म्हणत थांबायची.

संध्याकाळच्या जेवणाचा प्रसंग आठवतोय ना? प्रत्येक आई मुलाच्या हातात काहीतरी देऊन शेजारी पाठवते, तिकडून दुसरं भांडं येतं, पोरं गल्लीत एकमेकांना ओलांडून पळतायत. शेवटी एक पोरगा वैतागतो, त्यापेक्षा सगळे एकत्रच जेवूया की. आईने मला थांबवलं. म्हणाली, "इतकी भांडी इकडून तिकडे जातायत, एकावरही नाव घातलेलं नाही. परत कशी येत असतील?" मग स्वतःच म्हणाली, "रिकामी येत नसतील, एवढं नक्की."

दुसऱ्या भागाचं आधी सांगितलं. आजीचे दिवस आहेत, नको असेल तर पुढे जाऊ. गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण गेली. "लाव," म्हणाली.

तुम्हाला माहीतच आहे. बाप आणि त्याच्या बहिणी मयताच्या जागी पाहुण्यांशी हसतायत, खाऊ-पिऊ घालतायत, पत्ते चालू आहेत. दॉकसनला कळत नाही, यांची आई गेली आणि हे हसतात कसे. मला वाटलं आईलाही विचित्र वाटेल. तिने मान हलवली. "करत्या माणसाला सगळ्यांचं बघावं लागतं ग. कोण जेवलं, कोण राहिलं." मग रात्री अमेरिकेहून थोरला भाऊ येतो, दारात उभा राहतो, आणि ती सगळी मोठी माणसं लहान पोरांसारखी त्याच्या गळ्यात पडून रडतात. तिथे वाचायला काही नसतंच, मी गप्प होते.

भाग संपला. आईने पदराने चष्मा पुसला. माझ्या मावशीच्या बाराव्या दिवसापर्यंत ती रडली नव्हती हे मला तेव्हा आठवलं. मी पुढचा भाग लावू का विचारलं. म्हणाली, "उद्या. आधी इस्लामपूरला दादाला फोन लावून दे."

रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मामाने पहिल्या रिंगला उचलला.